साळवे मॅडमची तिसरी दरी

"तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? जरा या. माझा शिपाई दरीत पडतोय."

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दारात उभं राहून कोणी असं म्हणालं तर माणसाने काय करावं? मी अंगात शर्ट अडकवला आणि गेलो. नाही म्हणायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. बोलून झाल्या झाल्या त्या वळून आपल्या घरात शिरल्याही होत्या.

साळवे मॅडम आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. पुण्याच्या कडेला, मांजरी गावात उसाच्या शेतांना खेटून ज्या इमारती उठल्या त्यांतल्या एकीत, सातव्या मजल्यावर. दोन वर्षं शेजारी राहूनही आमची ओळख लिफ्टपुरतीच होती. लिफ्टचं बटण त्या एकदा दाबत नसत, लिफ्ट येईपर्यंत दाबत राहत. एकदा मी न राहवून म्हणालो, "मॅडम, एकदा दाबलं तरी येते ती." त्या म्हणाल्या, "येते ना. पण कोणीतरी खोळंबलंय हे तिला कळायला नको?" त्यानंतर मी त्यांना काही शिकवायला गेलो नाही.

त्या दिवशी त्यांच्या हॉलमध्ये पाहिलं ते असं. भिंतीवर भलामोठा पातळ टीव्ही. त्याच्या खाली बुद्धाची पांढरी मूर्ती, आणि मूर्तीच्या शेजारी नव्वदच्या दशकातला, पिवळट पडलेला टीव्ही गेमचा डबा. आम्ही लहानपणी सुट्टीत ज्याच्यासाठी भांडायचो तोच, वरून कॅसेट खोचायचा. पडद्यावर बोटभर उंचीचा एक माणूस डावीकडून उजवीकडे धावत होता. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी. दरी आली की बटण दाबायचं, तो उडी मारतो. कॅसेटवरचं नाव चिनी लिपीत असल्यामुळे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाठीवरची पिशवी बघून मॅडमनी त्याला शिपाई करून टाकलं होतं.

"सकाळपासून धावतोय, पोचत कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या कार्यालयात होता तसाच. पण हा पडायचा नाही हो. तीस वर्षांपूर्वी तिसरी दरी मी भाजीला फोडणी देता देता पार करायचे."

त्या खेळत होत्या उभ्या राहून. मी त्यांना कधी बसून खेळताना पाहिलं नाही, खरं तर बसलेलंच फार कमी पाहिलं. वय एकोणसत्तर, बांधा काटक, केस आखूड कापलेले. बोलताना एक पाय सतत हलत असायचा. चहा करताना मध्येच गॅलरीत जाऊन येत, गॅलरीतून येताना पंखा बंद करत, आणि बसलेल्याला उकडायला लागलं की "पंखा कोणी बंद केला?" असं विचारत. पाहुण्याला या घरात फार वेळ टेकता यायचं नाही. मला मात्र ते बरं वाटायचं, कारण त्या दिवसांत माझंही बूड कुठे टेकत नव्हतं.

माझ्याबद्दल एवढंच सांगतो. मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हडपसरच्या एका आयटी पार्कमध्ये नोकरी होती, पण तेव्हा हातात प्रोजेक्ट नव्हतं. आमच्या भाषेत मी बेंचवर होतो. म्हणजे पगार चालू, काम बंद, आणि काढून टाकल्याचा मेल आलाय का, ते रोज सकाळी उघडून बघायचं. मॅडमना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे निलंबित?"

"नाही हो, फक्त काम नाही."

"निलंबितच. आमच्याकडे निम्मा पगार मिळायचा, तुम्हाला पूर्ण मिळतो. नशीबवान आहात."

त्या एका सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं होत्या. फाइल पुढे पाठवायची की परत, हे ठरवणाऱ्या टेबलावर. सख्ख्या भावाची फाइल त्यांनी तीनदा परत केली होती, कारण एका कागदावर सही नव्हती. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर ना अभिमान होता ना पश्चात्ताप. "सही नव्हती," एवढंच पुन्हा म्हणाल्या.

तर तो टीव्ही गेम त्यांनी मुलासाठी, अविनाशसाठी घेतला होता. अविनाशचं मन चार महिन्यांत त्यावरून उडालं आणि आईचं जडलं. संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत एक डाव, हा नेम. पुढे डबा माळ्यावर गेला. निवृत्तीनंतर, नवरा गेल्यावर, तो खाली आला. आणि मग त्यांनी सगळ्या कॅसेटी एकेक करून पुन्हा तपासायला घेतल्या. त्यासाठी हिरव्या पुठ्ठ्याची एक लांबट नोंदवही होती. अनुक्रमांक, खेळाचे स्वरूप, अवलोकन, शेरा. जुना खेळ आज टिकतो की नाही, याचा रीतसर निकाल त्या वहीत लागायचा.

त्यातले काही शेरे मला आजही पाठ आहेत. वरून विटा पडतात आणि त्या रचायच्या, त्या खेळापुढे लिहिलं होतं: "सुस्थितीत. काहीच नसल्याने जुने होण्यासारखे काही नाही." मोटारींच्या शर्यतीपुढे: "रस्ता रिकामा. वास्तवाशी संबंध नाही. नामंजूर." दोन पैलवान एकमेकांना बडवतात त्या खेळापुढे: "वादाचे कारण शेवटपर्यंत कळत नाही. संगीताने डोके उठते. मुदतबाह्य." रणगाड्यांच्या खेळापुढे फक्त: "दोघांचा आहे." पुढे शेरा नव्हता. तो खेळ त्या नवऱ्याबरोबर खेळायच्या, हे मला फार नंतर कळलं.

मी एकदा उत्साहाने माझ्या लॅपटॉपवर आजकालचा एक नावाजलेला खेळ त्यांना दाखवला. डोंगर, नद्या, वाऱ्याने हलणारं गवत. त्या वीस मिनिटं उभ्या राहून बघत होत्या. पडद्यावरची माणसं एकमेकांशी बोलतच होती.

"अहो, हा खेळ आहे की मंत्र्यांचा दौरा? भाषणंच चाललीत केव्हाची. आपण कधी खेळायचं?"

"आता होईल सुरू, मॅडम. आधी गोष्ट समजायला हवी ना."

"माझ्या शिपायाला गोष्ट नाही. दरी आहे. ती कळते."

त्या सगळ्यांना अहोजाहो करत. वॉचमनला, मला, लिफ्टमध्ये शिरलेल्या दुसरीतल्या मुलीलासुद्धा. अरेतुरे फक्त शिपायाला. "धाव रे, धाव, अरे बघतोस काय!" हा आवाज समोरच्या दारातून आला की समजावं, मॅडम तिसऱ्या दरीपाशी आहेत.

आता ती दरी एवढी महत्त्वाची का, ते सांगायला हवं. मॅडमकडे एक स्कूटर होती. राखाडी, दहा वर्षांची, आरसे घट्ट आवळलेली. मांजरीहून हडपसर, हडपसरहून कॅम्प, कधी थेट पेठांपर्यंत त्या तिच्यावर एकट्या जात. भाजीला, वाचनालयाला, मैत्रिणींच्या घरी, आणि कित्येकदा कुठेच नाही, नुसत्या एक चक्कर मारून यायच्या. आमच्याकडून बस मिळते, पण ती तिच्या मर्जीने येते. रिक्षावाले मांजरी म्हटलं की मान फिरवतात. ती स्कूटर नसती तर मॅडम सातव्या मजल्यावर अडकल्या असत्या, आणि ज्या बाईला लिफ्टची वाट बघवत नाही तिचं तिथे काय झालं असतं, याचा विचार न केलेला बरा.

अविनाश बंगलोरला होता. चांगला मुलगा. दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, "आई, गाडी बंद कर. या वयात त्या रस्त्यावर... प्लीज." मॅडम त्याच्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी नियम केला. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तो मी स्वतः वाचला आहे, खाली सही आणि त्याच महिन्यातल्या दिनांकासह. तिसरी दरी सलग वीस वेळा. अठरा किंवा जास्त उड्या साधल्या तर गाडी चालू. लागोपाठ तीन रविवार अठराच्या खाली आल्यास गाडीची चावी द्यायची, सबबी सांगायच्या नाहीत.

"हाताला डोळ्याचं ऐकायला वेळ लागायला लागला की मी दुसऱ्या कोणाला तरी मारेन," त्या म्हणाल्या. "मी मेले तर एक वेळ ठीक आहे."

असा नियम कोण करतं? म्हातारपणाची परीक्षा आपणच काढायची, आपणच द्यायची, आणि तीही तीस वर्षं जुन्या कॅसेटीवर! मी हसलो. मग त्यांनी मागच्या दोन रविवारांचे आकडे दाखवले. अकरा. बारा. त्यांनी मला बोलावलं तो तिसरा रविवार होता, आणि शिपाई दरीत पडत होता. मी हसणं थांबवलं.

त्या सकाळी मी वायरी तपासल्या, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली. खरं तर फुंकर मारून काही होत नाही, उलट तोंडातली वाफ लागून आतले पत्रे गंजतात. हे मला माहीत आहे, मी ते मॅडमनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीस वर्षं फुंकूनच चालू झालीय. आज तुम्ही म्हणताय म्हणून तिने सवय सोडायची का?" काहीच सापडलं नाही. मग सहज म्हणून मी बदकांची कॅसेट लावली. त्या खेळाला प्लॅस्टिकची बंदूक असते, पडद्यावर उडणाऱ्या बदकांवर रोखून चाप ओढायचा. मी पडद्याला नळी टेकवून गोळी झाडली तरी एक बदक पडेना.

"ते नादुरुस्त आहे," मॅडम म्हणाल्या. "शेरा मारलाय मी."

पण मला तेव्हाच आठवलं. ती बंदूक जुन्या काचेच्या, पाठीमागे पोट असलेल्या टीव्हीवरच चालते, पातळ टीव्हीवर चालूच शकत नाही. म्हणजे दोष खेळाचा नव्हता. मग शिपायाचं काय? मी फोन काढला, मॅडमचा अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा धरला आणि संथ गतीने चित्रण केलं. एकेक चित्र पुढे सरकवत त्यांना दाखवलं. अंगठा बटणावर पूर्ण दाबला गेलाय, आणि शिपाई अजून धावतोय. धावतोय. धावतोय. आता उडाला. नवीन टीव्ही जुनं चित्र मोठं करून, घासूनपुसून दाखवतो, त्यात त्याचा वेळ जातो. नेमका दरीत पडण्याएवढा.

ते चित्रण त्यांनी सहा वेळा पाहिलं. कसं केलं ते विचारून घेतलं, स्वतःच्या फोनवर करून पाहिलं. मग त्यांचा हलणारा पाय थांबला.

"म्हणजे माझा अंगठा वेळेवर होता?"

"वेळेवर होता, मॅडम."

त्यांनी नोंदवही उघडली आणि लिहिलं: "यंत्राबाबत शंका उपस्थित. चौकशी होईपर्यंत निर्णय स्थगित." मला इतका आनंद झाला होता की त्या महिन्यात तसा दुसऱ्या कशानेच झाला नव्हता. कित्येक आठवड्यांनी माझ्या हातून काहीतरी सापडलं होतं.

जुना टीव्ही आणायला आम्ही बुधवार पेठेत गेलो. मॅडमच्या स्कूटरवर, मी मागे. आता खरं सांगायचं तर त्या गाडी सुरेख चालवत. भीती वाटायची ती त्यांच्या घाईची. सिग्नलला थांबल्या की पुढच्याच्या नंबर प्लेटशी बोलत, "निघा हो, निघा, आमंत्रण देऊ का?" हिरवा दिवा लागायच्या आधी त्यांचा पाय वर. मी मागचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

चार दुकानांत लोक हसले. पाचवं दुकान शकूरभाईंचं होतं. गल्लीत आत, दोन माणसं उभी राहिली की भरेल एवढं. त्यांच्या आजोबांच्या काळी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे. शकूरभाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"पिक्चर ट्यूबवाला? आहे एक चौदा इंची, वर पडलाय. पण करणार काय त्याचं? केबल लागत नाही त्याला आता."

"तपासणी करायची आहे," मॅडम म्हणाल्या.

"कशाची?"

"माझी."

शकूरभाईंनी चष्मा काढला. मी घाईघाईने सगळं सांगितलं. स्कूटर, नियम, दरी. ते शिडी लावून माळ्यावर गेले, टीव्ही खाली आणला, पुसला, चालू करून रंग बघितले आणि मागचं झाकण उघडून एक तार नव्याने डाख देऊन जोडली. निघताना मॅडमना मोठी बहीण मानून म्हणाले, "बाजी, माझे अब्बा अखेरपर्यंत सायकल चालवायचे. आम्ही चावी लपवली तर दुसऱ्याची घेऊन जायचे. तुम्ही स्वतः इम्तिहान घेताय स्वतःची. खुदा खैर करे."

"खैर नको, निकाल पाहिजे," मॅडम म्हणाल्या, पण हसून.

परतताना टीव्ही माझ्या मांडीवर. बारा किलोंचा तो ऐवज छातीशी धरून मी बसलेलो, मला समोर फक्त त्याची काळी पाठ दिसत होती. हडपसरच्या अलीकडे एक रिक्षा अचानक डावीकडे घुसली. मला फक्त धक्का जाणवला. मॅडमनी ब्रेक दाबला होता, गाडी थांबलीही, पण पेरूच्या हातगाडीला चाक टेकल्यावर. चार पेरू खाली पडले, बाकी काही नाही. पेरूवाला ओरडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "दोन किलो द्या." पिशवी हँडलला लटकवली आणि गाडी काढली. मांजरीपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. कुठल्याही नंबर प्लेटशीसुद्धा नाही.

रिक्षावाल्याची चूक होती, हे मी घरी पोचल्यावर चार वेळा म्हणालो. त्या पेरू धूत राहिल्या.

पुढच्या रविवारी परीक्षा नव्याने सुरू झाली. सकाळी दहाला. मोजायचं काम माझ्याकडे दिलं होतं, कारण त्यांना पडद्यावरून नजर हलवायची नव्हती. त्या छोट्याशा काचेवर शिपाई कसा दिसत होता म्हणून सांगू! रंग ओले, कडा मऊ, आणि बटण दाबलं की उडी तिथल्या तिथे. हा खेळ टिकलाय की नाही हा प्रश्नच उरला नाही. पहिल्या रविवारी मॅडमनी वीसपैकी अठरा साधल्या. त्यांनी खेळाचा रिमोट सोफ्यावर भिरकावला, आत जाऊन शिरा केला, त्यात साखर घालायला विसरल्या, आणि आम्ही दोघांनी तो बिनसाखरेचा शिरा मिटक्या मारत खाल्ला. नंतर बदकांची बंदूकही चालली. बदकांपुढचा जुना शेरा त्यांनी लाल शाईने खोडला आणि बाजूला लिहिलं, "पूर्वीचा शेरा अन्यायकारक."

दुसऱ्या रविवारी चौदा झाल्या.

मी मोजत होतो. माझ्या कागदावर रेघा होत्या, त्या चौदाच होत्या. मॅडमनी मागे न बघता विचारलं, "किती?" आणि मी म्हणालो, "अठरा."

मला अजूनही नीट सांगता येत नाही मी तसं का केलं. नोकरीत मी कधी खोटा निकाल दिला नाही, त्यावरून माझी दोन साहेबांशी भांडणं झालीत. पण त्या छोट्या खोलीत, ती बाई पाठमोरी उभी, खांदे ताठ, आणि तिचं सगळं फिरणं माझ्या कागदावरच्या चार रेघांत अडकलेलं. मला वाटलं, चार उड्यांनी काय होतं? आणि कदाचित असंही असेल, की माझंही मोजमाप कुठेतरी कोणीतरी करतच होतं, आणि त्याने चार रेघा वाढवाव्यात असं मला वाटत होतं. मॅडम फक्त "बरं" म्हणाल्या. आठवडाभर मी त्यांच्या स्कूटरचा आवाज कानात प्राण आणून ऐकत होतो. खाली गाडी लागली की मगच मी दुसऱ्या कामाला लागायचो.

तिसऱ्या रविवारी बारा. मी म्हणालो, "अठरा."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. पुस्तकांच्या कपाटाजवळ गेल्या, दोन पुस्तकांच्या मध्ये उभा केलेला फोन काढला. संथ गतीचं चित्रण. मीच शिकवलेलं. तो त्यांनी माझ्यासमोर धरला आणि आम्ही दोघांनी वीसच्या वीस उड्या पाहिल्या. एकेक. अंगठा हलायला उशीर होत होता. टीव्हीला नाही. दरीची कड येत होती, शिपाई काठावर पोचत होता, आणि अंगठा अजून वरच. मग खाली. तेवढ्या वेळात तो पडलेला. बाराव्या उडीला, पंधराव्या उडीला, अठराव्या उडीला. मला मान वर करवेना.

"मागच्या रविवारी तुझा आवाज बदलला होता," त्या म्हणाल्या. मला तू म्हणण्याची ती पहिली वेळ. "खोटा शेरा मारणारी माणसं मी बत्तीस वर्षं पाहिली. प्रत्येकाला वाटायचं, आपण कोणाचं तरी भलं करतोय. आठ दिवस मी गाडी चालवली, तुझ्या शब्दावर. शाळेसमोरून गेले मी रोज."

"मॅडम, मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं मला. म्हणून तर इतका राग आलाय."

मग त्या गॅलरीत गेल्या. मी तिथेच उभा. पंखा बंद करायला कोणी आलं नाही. मला प्रचंड लाज वाटत होती आणि तिथून पळून जावंसं वाटत होतं. बऱ्याच वेळाने त्या आत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते, ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"तीन रविवार झाले नाहीत अजून," मी म्हणालो. "पहिल्या वेळी अठरा होत्या. खऱ्या. नियमाप्रमाणे दोनच झालेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या सगळ्यात त्यांना हसू आलं. "कार्यालयात असतात तर वर गेला असतात हो तुम्ही. नियम मी केलाय, आणि नियमाच्या आधी पेरूची गाडी आहे. ती कोणत्या टीव्हीमुळे लागली?"

चावी त्यांनी खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. "विकणार नाही. पडून राहिली की बॅटरी उतरते, तेव्हा तुम्ही चालवा. आठवड्यातून दोनदा तरी." मग स्वतःच अविनाशला फोन लावला, स्पीकरवर. "गाडी सोडली," म्हणाल्या. तो बिचारा आनंदाने म्हणाला, "थँक गॉड! मग आता इकडेच ये ना, आई." त्यावर त्या म्हणाल्या, "गाडी सोडलीय. घर नाही." आणि ठेवून दिला.

पुढचे काही आठवडे त्या बसने जायचा प्रयत्न करत होत्या. थांब्यावर उभ्या राहण्यापेक्षा त्या पुढच्या थांब्यापर्यंत चालत जात, तिथून त्याच्या पुढच्या. बस मागून यायची ती दोन थांब्यांच्या मधे त्या असताना. अशा रीतीने त्या एकदा चालतच हडपसरला पोचल्या. मला खिडकीतून त्या जाताना दिसत, वेगाने, पिशवी हिंदकळत. मी चप्पल घालून खाली जाईपर्यंत दिसेनाशा होत.

नोव्हेंबरात मला हैदराबादची नोकरी मिळाली. जायच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी दार वाजवलं. बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. पेन्शन घेणाऱ्यांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे स्वतः जाऊन सांगावं लागतं. "नेता का?" त्यांनी विचारलं. त्या कोणाला काही मागतात हे मी प्रथमच पाहत होतो. मी तयारच होतो.

त्या मागे बसल्या, नियमाप्रमाणे डोक्यावर पांढरं हेल्मेट चढवून, पट्टा आवळून. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून खांद्यावरून सूचना. "डावीकडून काढा. जागा आहे. अहो, आहे जागा. हा जाऊ देणार नाही, हॉर्न वाजवा. कशाला थांबलात?" मी मुद्दाम सावकाश चालवत होतो. माझ्या मागे त्या होत्या, मी दुसरं काय करणार? हडपसरच्या चौकाअलीकडे सगळं तुंबलं. ट्रक, टेम्पो, रिक्षा, दुचाक्या, कोणी पुढे नाही की मागे नाही. मागे त्यांचा पाय पायदांडीवर हलत होता, तो मला सीटमधून जाणवत होता. पाच मिनिटं झाली. सात झाली.

"बँक साडेतीनला बंद होते," त्या म्हणाल्या.

"आत्ता दोन वाजलेत, मॅडम."

"तुम्ही या निवांत. मी होते पुढे."

मी मान वळवेपर्यंत त्या उतरल्याही होत्या. पदर खोचला, पिशवी काखेत दाबली आणि निघाल्या. टेम्पो आणि रिक्षाच्या मधून, दोन हँडलांच्या मधून, एका मोटारीच्या बॉनेटवर हात टेकत. हेल्मेट काढायचं राहून गेलं होतं. घाईत राहिलं, की विसरल्या, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायची सोय नाही. लोक वळून बघत होते, एका रिक्षावाल्याने हसून दुसऱ्याला दाखवलं. त्या गर्दीत पायी चालणारं ते एकच पांढरं हेल्मेट, आणि तेवढंच काय ते पुढे सरकत होतं.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी मारली नाही.